राजाजीनगरची वीज, सोलापूरची वाहिनी

बेंगळुरूच्या राजाजीनगर भागात म्हैसूर सँडल साबणाचा सरकारी कारखाना आहे. त्याच्या पत्त्यात ‘बेंगळुरू–पुणे महामार्ग’ असे शब्द येतात. पुण्या-मुंबईकडून प्रथमच आलेल्या मराठी पाहुण्यास ते वाचून थोडे आपलेपण वाटल्यावाचून राहत नाही. तुमकूर, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा हा रस्ता पुण्यास पोहोचतो आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे, माल व भांडवल यांची ये-जा चालू आहे. विजेच्या यंत्रांचा उद्योगही याच वाटेने इकडे आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ साली बेंगळुरू येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना केली आणि पुढे अनेक वर्षे राजाजीनगरचे औद्योगिक उपनगर हाच या कंपनीचा पत्ता होता. मोटारी, जनित्रे व रोहित्रे येथून देशभर गेली.

यंत्रे आली, माणसे आली. वीज मात्र त्या वाटेने मोकळेपणाने येऊ शकत नव्हती. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर विजेच्या दृष्टीने एक अदृश्य भिंत उभी होती. ती २०१३ सालच्या अखेरच्या रात्री दूर झाली. या घटनेची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदारासाठी मात्र ती एखाद्या नव्या महामार्गाइतकीच मोलाची होती.

या वसाहतीत एखाद्या उद्योजकाने मुदत कर्ज घेऊन लेथ किंवा मिलिंग यंत्र बसविले, की त्याच्या हिशेबात कच्चा माल, मजुरी, व्याज आणि वीज या चार बाबी ठळकपणे येतात. पहिल्या तिन्हींचा अंदाज त्यास बांधता येतो. चौथी बाब त्याच्या हाती नसते. काम चालू असताना वीज गेली तर यंत्रावरील नग वाया जाण्याचा धोका, कामगार बसून आणि डिझेल जनित्राचा खर्च महाग. वीज थांबली म्हणून कर्जाच्या हप्त्याची तारीख काही थांबत नाही. शाखेत बसून प्रकल्प अहवाल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ‘वीजपुरवठा उपलब्ध’ या रकान्यापुढील टिचकीकडे जरा थांबून पाहावे, ते याचसाठी.

एक धबधबा, एक खाण

या प्रदेशात विजेचा आरंभ मोठ्या दिमाखात झाला होता. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारण्यात आले आणि १९०२ साली तेथील वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. त्या काळी एवढ्या अंतरावर वीज वाहून नेणे हे जगातही नवल होते. शेषाद्री अय्यर मात्र १९०१ मध्येच निवर्तले. आपल्या योजनेची वीज त्यांना पाहता आली नाही. ऑगस्ट १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. महाराष्ट्रात टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, तिचाही साचा असाच होता : एक पाण्याचा पडाव, एक मोठा ग्राहक आणि त्या दोहोंना जोडणारी एक वाहिनी.

म्हैसूर राज्य दीर्घकाळ पाण्यावरच विसंबून राहिले. जोग व शरावती येथील केंद्रांनी स्वस्त वीज दिली आणि बेंगळुरूचे मोठे कारखाने तिच्यावर वाढले. परंतु पाऊस हा काही करार पाळणारा पुरवठादार नव्हे. जलाशय भरला नाही की भारनियमन आलेच. रायचूरचे औष्णिक केंद्र १९८५ साली सुरू झाले खरे. पण तोपर्यंत मागणी बरीच पुढे निघून गेली होती.

शेजाऱ्याकडून उसने घेणे हा साधा उपाय होता आणि त्याची सोयही एका मर्यादेपर्यंत झाली. १९६४ साली देशात विजेसाठी पाच विभाग करण्यात आले. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू व केरळ दक्षिण विभागात आले. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश पश्चिम विभागात. विभागातील राज्यांनी आपापसांत देवाणघेवाण करावी, हा हेतू चांगलाच होता. त्यामुळे शरावतीची वीज चेन्नईकडे जाऊ शकत होती. चंद्रपूरच्या कोळशाची वीज मात्र बेंगळुरूस परकी ठरली. निपाणीच्या बाजारात तंबाखूचा सौदा करणाऱ्या व्यापाऱ्यास कोल्हापूर आणि बेळगाव ही दोन जगे कधी वाटली नसतील. विजेच्या लेखी ती दोन जगे होती.

लेझमीची दोन पथके

याचे कारण राजकारणात नसून भौतिकशास्त्रात होते. आपल्या घरातील वीज एका सेकंदात पन्नास वेळा आवर्तन करते. एका जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे याच ठेक्यावर फिरतात; एकही मागे-पुढे राहत नाही. मागणी वाढली आणि उत्पादन अपुरे पडले, की साऱ्या जाळ्याचा ठेका थोडा मंदावतो. उत्पादन जास्त झाले की तो वाढतो. मिरवणुकीतील लेझमीचे पथक डोळ्यांसमोर आणावे. शंभर जण एका हलगीवर नाचतात तेव्हा पाहणाऱ्यास एकच शरीर हालते आहे असे वाटते. पण निराळ्या ठेक्यावर नाचणारे दुसरे पथक एकदम त्यांच्यात मिसळले तर हातात हात अडकतील आणि दोन्ही पथके कोलमडतील. पश्चिम आणि दक्षिण या दोन जाळ्यांचे ठेके वेगळे होते. म्हणूनच कोल्हापूर–बेळगाव ही २२० किलोव्होल्टची वाहिनी उभी असूनही तिच्यातून दोन्ही जाळी एकमेकांस जोडता येत नसत. सीमेजवळचा काही भाग एका जाळ्यातून सोडवून दुसऱ्याच्या पदरी टाकावयाचा, एवढाच तिचा उपयोग होई. गोव्यातील फोंडा आणि काळी नदीवरील नागझरी यांमधील वाहिनीची गतही तीच.

यावर एक महागडा तोडगा होता. एका जाळ्यातील प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश करावयाची आणि पुन्हा दुसऱ्या जाळ्याच्या ठेक्यावर प्रत्यावर्ती करून सोडावयाची. विमानतळावर परकीय चलन बदलून देणारी खिडकी असते, त्यातलाच हा प्रकार. रुपया आणि डॉलर एकमेकांत मिसळत नाहीत, पण देवाणघेवाण होते. अशी एक खिडकी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १९९७-९८ च्या सुमारास १,००० मेगावॅट क्षमतेने सुरू झाली. (कर्नाटकातील पोलादाचे भद्रावती निराळे, नावामुळे पुष्कळांची गफलत होते.) २००३ साली ओडिशातील तालचेरपासून कोलारपर्यंत सुमारे १,३७० किलोमीटरची, २,००० मेगावॅटची एकदिश वाहिनी पूर्ण झाली. ज्या कोलारला १९०२ मध्ये दूरवरून वीज आली, तेथेच एका शतकानंतर त्याहून कितीतरी दुरून वीज उतरली, हा योगायोग मनोरंजक आहे. मात्र खिडकी ती खिडकीच. रांग वाढली तरी तिची रुंदी वाढत नाही.

दरम्यान पश्चिम व पूर्व विभाग २००३ मध्ये एका ठेक्यावर आले आणि ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभागही त्यांना मिळाला. दक्षिण तेवढी वेगळी राहिली. याचा एकदा तिला मोठा लाभही झाला. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांची जाळी कोसळली आणि सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. त्या दिवशी बेंगळुरूत दिवे जळत होते. जोडणीच्या विरोधात याहून प्रभावी दाखला मिळणे कठीण. तरीही दक्षिणेच्या अभियंत्यांनी जोडणीचाच आग्रह धरला. कारण वेगळेपणाची किंमत तेथील ग्राहक दररोज मोजत होता.

मंजूर मर्यादा आणि उचल

ती किंमत नेमकी किती, हे वीज विनिमय केंद्रे सुरू झाल्यावर उघड झाले. २००३ च्या वीज कायद्याने वाहिन्या सर्वांसाठी खुल्या केल्या. जून २००८ मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईचे पॉवर एक्स्चेंज इंडिया यांचे व्यवहार सुरू झाले. उद्या लागणाऱ्या विजेसाठी आज बोली लावावयाची. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग आणि प्रत्येक भागाचा वेगळा भाव. सर्व देशाचा मिळून एकच भाव निघावा, ही कल्पना.

परंतु भाव ठरला तरी माल पोहोचला पाहिजे. पश्चिमेकडे वीज शिल्लक आहे आणि बेंगळुरूची वितरण कंपनी पैसे द्यावयास तयार आहे, असे असूनही मधली वाहिनी भरलेली असेल तर सौदा अडतो. अशा वेळी बाजाराचे तुकडे होतात. वाहिनीच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा. २०१२-१३ च्या सुमारास दक्षिणेचा भाव उर्वरित देशाहून वारंवार चढा राहत असे. दोन भावांतील फरकाची रक्कम विक्रेत्यासही मिळत नाही आणि खरेदीदारासही सुटत नाही. पारेषणाच्या गर्दीपोटी ती वेगळी काढून वीज प्रणाली विकास निधीकडे वळविली जाते.

येथे एक गोष्ट सर्वसामान्य वाचकास गोंधळात टाकते. वाहिन्यांची क्षमता इतके हजार मेगावॅट आहे, असे सरकारी निवेदनात येते. प्रत्यक्षात मात्र त्याहून बरीच कमी वीज आणता येते. बँकेच्या ग्राहकास हे समजणे अवघड जाऊ नये. कॅश क्रेडिट खात्यास मंजूर मर्यादा एक असते आणि साठा व येणी पाहून ठरणारी उचल दुसरी. मंजुरीपत्रातील आकडा कितीही मोठा असला तरी धनादेश उचलीपुरताच वटतो. वाहिन्यांचेही तसेच. त्यांपैकी एखादी अचानक बंद पडली तर तिचा भार उरलेल्यांना पेलवला पाहिजे, म्हणून प्रत्येकीत काही जागा मोकळी ठेवावी लागते. शिवाय वीज कराराप्रमाणे वाहत नाही. कागदावर ती सोलापूरहून बेंगळुरूस निघालेली असली, तरी प्रत्यक्षात जेथे विरोध कमी तेथून ती वाट काढते. खात्यात राजाजीनगरच्या शाखेत भरलेली नोटच साताऱ्याच्या शाखेतून मिळत नाही, हे जसे आपण गृहीत धरतो, तसे येथेही धरावे लागते.

३१ डिसेंबर २०१३

सोलापूर आणि रायचूर यांमधील अंतर मोठे नाही. ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू शेतांतून जाणारी ७६५ किलोव्होल्टची ही वाहिनी पॉवर ग्रिड कॉर्पोरेशनने उभारली. लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री साडेआठच्या सुमारास, शहरांतून नववर्षाच्या स्वागताची तयारी चालू असताना, दक्षिणेचे जाळे या वाहिनीवाटे उर्वरित देशाशी जोडण्यात आले. दोन्ही बाजूंची वारंवारता जुळवून, योग्य क्षणी, स्वीच लावण्यात आला आणि लेझमीची दोन्ही पथके एका हलगीवर आली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे त्या क्षणापासून एकाच ठेक्यावर फिरू लागली.

हे वाटते तितके निर्धोक नव्हते. दोन अजस्र जाळी आणि त्यांना जोडणारी केवळ एक वाहिनी. दक्षिणेत एखादे मोठे केंद्र बंद पडले तर तेथील तूट भरून काढण्यासाठी उत्तरेची वीज याच एका तारेवर लोटणार. ती तुटली तर धक्का दोन्हीकडे. मुंबईच्या अंधेरीतील पश्चिम विभाग भारप्रेषण केंद्र आणि बेंगळुरूच्या रेसकोर्स परिसरातील दक्षिण विभागाचे केंद्र यांच्या अधिकाऱ्यांना आता एकच खाते दोघांच्या सहीने चालवावयाचे होते. म्हणून आरंभी प्रवाह हात राखूनच सोडला जाई. त्याच मार्गावरील दुसरी वाहिनी एका खाजगी कंपनीने २०१४ मध्ये पूर्ण केल्यावर परिस्थिती सुधारली. पुढे वर्धा–निझामाबाद वाहिनी आली. छत्तीसगडमधील रायगडहून तमिळनाडूतील पुगलूरपर्यंत ६,००० मेगावॅटची एकदिश वाहिनी २०२०-२१ मध्ये सुरू झाली. केंद्रीय वीज मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार, दक्षिणेस प्रत्यक्षात आणता येणारी वीज २०१३-१४ मधील सुमारे ३,४५० मेगावॅटवरून पुढील दोन-तीन वर्षांतच ५,९०० मेगावॅटवर गेली. देशातील सर्व विभागांना जोडणाऱ्या वाहिन्यांची एकूण क्षमता मार्च २०२४ मध्ये १,१८,७४० मेगावॅट होती. अर्थात, ही मंजूर मर्यादा, उचल नव्हे.

या सर्व हिशेबात एक पक्ष सहसा दिसत नाही. तो म्हणजे ज्याच्या शेतात मनोरा उभा राहतो तो शेतकरी. मनोऱ्याखालील जमीन संपादित होत नाही. सातबारा त्याच्याच नावे राहतो. पण मनोऱ्याच्या पायाखाली पेरणी होत नाही आणि तारांखाली घर बांधता येत नाही. तारण म्हणून त्या जमिनीचे मूल्य काय धरावे, हा प्रश्न ग्रामीण शाखांपुढे येतोच. दीर्घकाळ भरपाईचा आधार १८८५ च्या तार कायद्यात शोधावा लागे. केंद्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याच्या पायासाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे दिली. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. ही सुधारणा उशिरा झाली, असेच म्हणावे लागेल. सोलापूर-रायचूरच्या शेतांवरून ती वाहिनी तोवर दहा वर्षे वीज नेत होती.

उसनवारीचा व्यवहार

वाहिनी झाली की व्यवहार आपोआप होतो, असे मात्र नाही. विजेच्या बाजारातही अखेर प्रश्न पतीचाच असतो. वितरण कंपन्यांकडून उत्पादकांची येणी थकत गेली, तेव्हा १ ऑगस्ट २०१९ पासून केंद्राने असा दंडक घातला, की बँकेचे पतपत्र किंवा आगाऊ रक्कम यांची खात्री झाल्याखेरीज भारप्रेषण केंद्राने वीज सोडण्याचे वेळापत्रकच करू नये. म्हणजे एखाद्या राज्यातील दिवे लागण्यापूर्वी कोणत्यातरी बँकेच्या शाखेत एक कागद तयार व्हावा लागतो. बँकेतील फार थोड्या कर्मचाऱ्यांना याची कल्पना असेल.

देशांच्या सीमा ओलांडतानाही पत आणि वाहिनी हे दोनच प्रश्न उभे राहतात. नेपाळकडे पावसाळ्यात जलविद्युत ओसंडते आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तूट पडते. ढल्केबर–मुझफ्फरपूर वाहिनीमुळे तो पावसाळ्यात भारतास वीज विकतो आणि हिवाळ्यात विकत घेतो. बांगलादेशाला नेपाळची वीज हवी होती. मध्ये भारताची भूमी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिन्ही देशांचा करार झाला आणि १५ नोव्हेंबर रोजी भारताच्या जाळ्यातून नेपाळची ४० मेगावॅट वीज बांगलादेशात गेली. करारातील हंगाम त्याच दिवशी संपत असल्याने पहिल्या वर्षी हा व्यवहार एकच दिवस टिकला. चाळीस मेगावॅट म्हणजे फार नव्हे. पण तिसऱ्याच्या अंगणातून नळ टाकण्यासाठी तिघांची संमती मिळणे, हे त्यातील खरे काम होते.

ऋतूंच्या या अदलाबदलीला भारतीय राज्यांमध्ये जे नाव पडले आहे ते वाचकांना विशेष वाटेल. त्यास सरळ ‘बँकिंग’ म्हणतात. आज शिल्लक असलेली वीज दुसऱ्या राज्यास द्यावयाची आणि आपल्या टंचाईच्या महिन्यांत ती परत घ्यावयाची. रोख रक्कम हातास लागत नाही. परतफेड विजेतच, आणि काही करारांत घेतल्यापेक्षा थोडी अधिक. व्याजही युनिटांतच दिले जाते, असे म्हणावयास हरकत नाही.

कर्नाटकास याची गरज २०२३ मध्ये तीव्रतेने भासली. पाऊस हुकला, राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, जलाशय अर्धवट राहिले आणि पिके वाचविण्यासाठी कृषिपंपांची मागणी वाढली. पावगड्याच्या २,०५० मेगावॅटच्या सौर उद्यानाने दिवसाची गरज भागविली, तरी सूर्यास्तानंतरचा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने दोन निर्णय घेतले आणि दोन्ही एकाच महिन्यात घेतले. वीज कायद्याच्या कलम ११ खाली राज्यातील खाजगी उत्पादकांनी आपली वीज राज्यालाच द्यावी, बाहेर विकू नये, असा आदेश निघाला. २००९ च्या टंचाईतही या कलमाचा आधार घेण्यात आला होता. दुसरीकडे उत्तर प्रदेश आणि पंजाब यांच्याकडून उसनी वीज घेण्याचे ठरले.

पहिल्या निर्णयात दार बंद करणे आहे, दुसऱ्यात शेजाऱ्याचे दार ठोठावणे. टंचाईत राज्याने आपल्या जनतेचा विचार प्रथम करावा, यात गैर काही नाही. परंतु ज्याने बाहेर विक्रीचा करार करून त्या भरवशावर कर्ज काढले त्या उत्पादकाचे गणित अशा आदेशाने बिघडते, हेही खरे. प्रत्येक राज्याने असेच केले तर सोलापूरची वाहिनी रिकामी उभी राहील. उत्तर प्रदेशाने त्या वेळी तसे केले नाही.

उसनवारीच्या अटी सोप्या होत्या. ऑक्टोबर २०२३ ते मे २०२४ या काळात वीज दक्षिणेकडे यावयाची.  त्यानंतर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कर्नाटकाने ती फेडावयाची. कारण तेव्हा घाटांवर वारा सुटलेला असतो, चित्रदुर्गाकडच्या पवनचक्क्या जोरात फिरत असतात आणि गंगेच्या मैदानात उकाड्याने पंखे थांबत नसतात. त्या महिन्यांत मोठ्या वाहिन्यांवरून वीज उलट दिशेने, उत्तरेकडे, जाऊ लागते.